छाती हलते आहे, तरी माणूस गेला?

आयसीयूतले डॉक्टर सांगतात, ‘पेशंट ब्रेन डेड आहे.’ घरचे बघतात तर छाती वर-खाली होतेय, हाताला ऊब आहे. नाकाशी सूत धरून प्राण आहे का पाहणाऱ्या आपल्या समाजाला हे पटावं कसं?

श्वासाची आज्ञा मेंदूच्या देठातून, म्हणजे ब्रेनस्टेममधून येते. तो कायमचा निकामी झाला की माणूस स्वतःहून श्वास घेऊच शकत नाही. हवा व्हेंटिलेटर भरतो. हृदयाची विजेची यंत्रणा त्याची स्वतःची असते, त्यामुळे प्राणवायू मिळतो तोवर ते धडधडतं. कोमा वेगळा, त्यातून माणूस परतू शकतो, इथून नाही.

ऑगस्ट १९६८मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. त्याच महिन्यात जपानमध्ये साप्पोरोला डॉ. वादा यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण ८३ दिवस जगला. मग प्रश्न उठला: हृदय देणारा तरुण खरंच मेला होता का? डॉक्टरांवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण विश्वास उडाला तो उडालाच. जपानमध्ये पुढचं हृदयरोपण १९९९ साली झालं, तेही १९९७च्या कायद्यानंतर. त्या कायद्याने मेंदूमृत्यू सरसकट मृत्यू मानलाच नाही. ज्याने हयातीत लेखी संमती दिली आणि ज्याच्या घरच्यांची हरकत नाही, त्याच्यापुरताच मानला. २०१०पासून घरच्यांची संमती पुरते.

ज्यू धर्मपंडितांमध्येही मतभेद आहेत. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याचा श्वास नाकाशी तपासावा, ही चर्चा तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे. त्या आधारे इस्राएलच्या मुख्य रब्बींनी १९८६ साली मेंदूमृत्यूचा निकष स्वीकारला. ठोके थांबेपर्यंत माणूस जिवंतच, असं इतर कित्येक रब्बी आजही म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात अशी धार्मिक श्रद्धा असलेल्याला केवळ मेंदूच्या निकषावर मृत घोषित करता येत नाही.

आपल्याकडे १९९४च्या अवयवरोपण कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ आणि सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या बंधनकारक केल्या. मात्र मृत्युनोंदणीचा १९६९चा कायदा ‘जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं’ यालाच मृत्यू म्हणतो. ब्रेन डेथ हा शब्द घरच्यांच्या कानावर बहुधा अवयवदानासोबतच पडतो, आणि संशय तिथेच शिरतो. मृत्यूचं निदान आणि दानाची विनंती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी सांगायला हवी. व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवून श्वास येतो का पाहतात, ती तपासणी घरच्यांना हवी असेल तर डोळ्यांनी पाहू द्यावी. आणि दानाला नकार देणाऱ्या घरालाही यंत्र कधी, कोणी थांबवायचं याचं स्पष्ट उत्तर कायद्याने द्यावं.