बनावट नोट ओळखण्याची संधी स्वीकारतानाच; बँकेत भरपाई नाही

नवी दिल्ली : किराणा दुकान, पेट्रोल पंप, मंडई अशा रोखीवर चालणाऱ्या व्यवसायांत गर्दीच्या वेळी गल्ल्यात आलेली बनावट नोट अनेकदा बँकेत भरणा करतानाच उघडकीस येते. तोपर्यंत ती देणारा ग्राहक निघून गेलेला असतो आणि नुकसान व्यापाऱ्याच्या माथी पडते.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बनावट आढळलेली नोट बँक जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि भरणा करणाऱ्याला पोचपावती देते. नोट परत मिळत नाही, तसेच तिची रक्कमही खात्यात जमा होत नाही. एकाच व्यवहारात अशा पाच किंवा अधिक नोटा आढळल्यास बँकेला तत्काळ पोलिसांकडे जावे लागते.

नोट कशी पारखावी?

सध्याच्या ५०० रुपयांच्या नोटेचा आकार ६६ बाय १५० मिलिमीटर आहे. रंगीत छपाईयंत्र नोटेचे चित्र उतरवू शकते. मात्र कोन बदलताच पालटणारा रंग त्याला साधत नाही. नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो. उजवीकडे खाली असलेल्या ५०० या आकड्याचा रंगही तसाच बदलतो. उजेडासमोर धरल्यास कोऱ्या भागात महात्मा गांधींची प्रतिमा आणि ५०० हा आकडा जलचिन्हाच्या रूपात उमटतो. गांधीजींचे चित्र आणि दोन्ही कडांवरील पाच-पाच तिरप्या रेषा बोटांना उठावदार लागतात.

वापरून झिजलेल्या नोटेचा उठाव कमी होतो. अतिनील दिव्याखाली साधा कागद निळसर चमकतो, तर नोटेचा कागद निस्तेज राहतो. तथापि कपड्यांसोबत धुतली गेलेली खरी नोटही साबणाच्या अंशामुळे चमकू शकते. त्यामुळे एकाच खुणेवर निर्णय न घेता किमान तीन खुणा तपासणे श्रेयस्कर ठरते.

अफवांपासून सावध

क्रमांकात तारांकन (*) असलेली नोट बनावट असल्याचा समज चुकीचा आहे. छपाईत सदोष ठरलेल्या नोटांच्या बदल्यात अशा नोटा काढल्या जातात आणि त्या पूर्णपणे वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढे खपवणे हा गुन्हा

फसलेल्या व्यापाऱ्याला नोट दुसऱ्याच्या हाती देऊन नुकसान टाळण्याचा मोह होऊ शकतो. मात्र बनावट असल्याचे ठाऊक असताना ती खरी म्हणून चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ अन्वये जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. अजाणतेपणी नोट स्वीकारणारा फसवणुकीचा बळी असतो. जाणूनबुजून ती पुढे देताच तो आरोपी ठरतो.

म्हणूनच शंका येताच, माल देण्यापूर्वी, ग्राहकाकडे नम्रपणे दुसरी नोट मागणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. नंतर संशय आल्यास ती नोट गल्ल्यात न मिसळता वेगळी ठेवून बँकेकडे सोपवावी.