चंद्रपूर मोठं की गडचिरोली?

पटकन सांगा बरं, ‘चंद्रपूर’ या नावात अक्षरं किती? चं, द्र, पू, र. चार. आणि ‘गडचिरोली’त? पाच. म्हणजे गडचिरोली एकाने पुढे! पण संगणकाला विचारलंत तर तो म्हणतो, दोघं अगदी बरोबरीत. असं कसं?

संगणकात मजकूर मोजणारी एक आज्ञा आहे, डब्ल्यूसी. टर्मिनल नावाच्या खिडकीत ती रोमन लिपीत टाइप करायची, एक जागा सोडून फाइलचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. झालं! आज्ञा आहे मात्र जुनी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1971 साली युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यातही ती होती. आज लिनक्सवरही ती चालते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. लख्ख चांदणं असतं ना! समजा, अशा एका रात्रीची टिपणं आपण साध्या मजकूर-फाइलमध्ये उतरवली:

8:10 चितळ 6
9:40 रानगवा 2
11:25 अस्वल 1
3:50 वाघ 1

डब्ल्यूसी सांगेल: 4, 12, 87. ओळी 4, शब्द 12. (प्राणी दहा आहेत, पण ते मोजणं हे तिचं कामच नाही.) आता गंमत बघा. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायचं राहून गेलं, तर उत्तर येतं 3, 12, 86. वाघाची ओळ गायब! फाइल उघडून बघा, वाघ आपला जागच्या जागी. कारण ही आज्ञा ओळी मोजतच नाही, एंटर किती वेळा दाबलं तेवढं मोजते. शब्दांचंही तसंच. मध्ये मोकळी जागा दिसली की नवा शब्द. म्हणून ‘लेखा-मेंढा’ एक शब्द आणि ‘लेखा मेंढा’ दोन. अर्थाशी तिला काही देणंघेणं नाही.

आणि ते 87? ते बाइट, म्हणजे फाइलने अडवलेली जागा. इंग्रजी अक्षर, आकडा, मोकळी जागा, एंटर यांना प्रत्येकी एक बाइट पुरतो. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन लागतात. ‘चिन्ह’ म्हटलं हं, अक्षर नाही! संगणक काना, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटंसुटं धरतो. ‘द्र’ म्हणजे त्याच्या लेखी द, पाय मोडल्याची खूण आणि र. असं फोडत गेलं की चंद्रपूर आठ चिन्हांचं होतं आणि गडचिरोलीही आठांचंच. बाइट दोघांचे चोवीस-चोवीस.

आता ‘भामरागड’ आणि ‘सिरोंचा’ यांची कुस्ती लावा. आधी कागदावर चिन्हं मोजा, मग दोन नावांच्या दोन फाइली करून, बाइटऐवजी चिन्हं मोजायला डब्ल्यूसीपुढे उणे एम लिहा आणि पडताळा. ती एंटरही धरते, तेवढा एक वजा करायला विसरू नका.