जाईला दरवर्षी फूल यावं म्हणून



अमडापूर आणि चिखली तालुक्यातल्या गावांत पुष्कळ दारांशी जाईचा वेल दिसतो. मांडव हिरवागार, पण फूल मात्र ओंजळभरही नाही. वेल ‘वांझ’ निघाला म्हणून कोणी तो उपटायच्या गोष्टी करतो. तसे करू नका. दोष बहुधा वेलाचा नसतो, जागेचा आणि न लावलेल्या कात्रीचा असतो.

पहिली गोष्ट पाण्याची. वेल मोरीशेजारी असला तर बारा महिने सांडपाणी पितो, त्याला विसावा मिळत नाही आणि नुसता पाला वाढतो. डिसेंबर लागला की मोरीचे पाणी दुसरीकडे वळवा व तीन-चार आठवडे वेलाला पाणी तोडा. पाने पिवळी पडून गळतील. गळू द्या. लिंबाच्या गर्द सावलीतल्या वेलाला मात्र काहीही केले तरी फूल कमीच येणार, त्याला ऊन पाहिजे.

आता छाटणी. जाईची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. जुन्या काड्यांचे जाळे तसेच राहिले तर नवी फूट थोडी, म्हणून फूलही थोडे. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात धारदार कात्रीने वेल जमिनीपासून दोन-तीन फुटांवर छाटावा. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात. हात कचरतो हे खरे, घरची मंडळीही ओरडतील! पण दोन वर्षांवरचा वेल एवढी छाटणी सहज सोसतो. लहान वेलाचे फक्त शेंडे खुडा. जाड कापांना बोर्डो मलम लावा : मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. मलम लोखंडी भांड्यात करू नये.

छाटल्यावर आळे हलके चाळून मोठ्या वेलाला 10 किलो कुजलेले शेणखत, 65 ग्रॅम युरिया, 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व 100 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्या, मग भरपूर पाणी. शेणखत सोडून हाच हप्ता जून-जुलैत पुन्हा. फूल कमी म्हणून युरियाची जादा मूठ टाकाल तर पालाच वाढेल.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर ते लोह कमी पडल्याचे लक्षण. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारा. उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजा. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात गंधकाने पान करपते. कळ्यांना भोके दिसली तर त्या खुडून जाळाव्यात, आत अळी असते.

मार्च-एप्रिलपासून कळी दिसू लागते, खरा बहर पावसाळ्यात. गजऱ्यासाठी भरलेली पण न उमललेली कळी पहाटेच तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारी न्या.