स्वमग्न बालक, लस आणि पालकांची शंका



आपल्या एटापल्ली तालुक्यात शिक्षकाचे काम शाळेच्या चार भिंतींत संपत नाही. दाखला वाचून घ्यावयाचा असो, बँकेचा कागद भरावयाचा असो की दवाखान्याची चिठ्ठी समजून घ्यावयाची असो, पालक शिक्षकाकडेच येतात. अशा पालकांच्या मनात असलेल्या एका शंकेविषयी येथे लिहावयाचे आहे. घरातील मूल तीन-चार वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, इतर मुलांत मिसळत नाही. तेव्हा आईबापांच्या मनात येते, “लहानपणी सुई टोचली, त्यानेच तर असे झाले नाही ना?” काही जण हे विचारतात. काही जण विचारीत नाहीत. ते पाठचे मूल लसीकरणाच्या दिवशी मुकाट्याने रानात घेऊन जातात.

विचारणाऱ्यापेक्षा न विचारणाऱ्याची काळजी अधिक केली पाहिजे. कारण त्या घरात एक मूल समजून घेतले जात नाही आणि दुसरे गोवरासारख्या रोगापुढे उघडे पडते. ही शंका दूर करावयाची, तर शिक्षकाची स्वतःची समजूत प्रथम स्वच्छ हवी.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले आपल्याच विश्वात रमत, बोलणे कमी असे किंवा ऐकलेलेच शब्द पुनःपुन्हा उच्चारीत, आणि नित्यक्रमात थोडाही बदल त्यांना सहन होत नसे. ह्या अवस्थेस आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो. हा रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील हा एक वेगळेपणा आहे. तो संसर्गाने पसरत नाही आणि औषधाने नाहीसा होत नाही. मात्र योग्य शिक्षणाने मूल पुष्कळ शिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. म्हणजे हे मूल केवळ शहरातच असते असे नाही. आपल्या केंद्रातील एखाद्या शाळेच्या पटावरही ते असू शकेल.

सर्व स्वमग्न मुले एकसारखी नसतात. एखादे अजिबात बोलत नाही. एखादे भरपूर बोलते, पण समोरच्याच्या बोलण्याशी त्याचा मेळ नसतो. नजरेला नजर न देणे, बोटाने वस्तू न दाखविणे, एकच हालचाल तासन्‌तास करणे, मोठ्या आवाजाने कान झाकून घेणे ही काही लक्षणे होत. एकट्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. आणि निदान करणे हे तज्ज्ञाचे काम आहे, शिक्षकाचे नव्हे, हेही विसरू नये.

मुकेपणाचे दोन प्रकार

आपल्या भागात एक विशेष सावधगिरी घ्यावी लागते. पहिलीत येणाऱ्या पुष्कळ मुलांची घरची भाषा माडिया असते. शाळेतील मराठी त्यांच्या कानांवर प्रथमच पडते. असे मूल वर्गात दोन-दोन महिने तोंड उघडीत नाही. ते स्वमग्न नव्हे. ते परक्या भाषेत बसलेले मूल आहे. त्याची परीक्षा वर्गात न करता घराच्या अंगणात करावी. ते आजीशी माडियात भांडते काय? भावंडांच्या खेळात आपला डाव मागते काय? बोलता न आले तरी खुणेने, नजरेने आपले म्हणणे पोहोचविते काय? होय असेल तर उणीव आपल्या अध्यापनपद्धतीत आहे. परंतु जे मूल कोणत्याच भाषेत, कोणाशीच, खुणेनेही देवाणघेवाण करीत नाही, त्याच्याकडे लक्ष पुरविले पाहिजे. त्याला ऐकू येते की नाही, हेही प्रथम तपासून घ्यावे.

दोष कोणाचा?

मूल वेगळे आहे असे दिसले की घर दोषी शोधू लागते. कोणी म्हणतो देवाचा कोप, कोणी म्हणतो करणी. आणि बहुधा अखेरीस सारा भार आईवर येतो. ह्या बाबतीत खेड्यातील माणसास हसण्याचे कारण नाही. १९५० व १९६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील नामांकित तज्ज्ञही आईच्या मायेच्या अभावी मूल स्वमग्न होते असेच सांगत होते. तो सिद्धान्त खोटा ठरला. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत दोघेही स्वमग्न असल्याची उदाहरणे सापडली. भिन्न जुळ्यांत एकही सापडले नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिकच दृढ झाले. तेव्हा पालकांस सांगावयाची पहिली गोष्ट ही, की मुलाच्या ह्या अवस्थेस आई कारण नाही.

लशीवरील आरोप व त्याची छाननी

लशीवरील आरोप कोठून आला, हे जाणून घेणे उपयुक्त आहे. १९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफिल्ड ह्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवर आधारलेला एक लेख लिहिला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीकडे संशयाचे बोट दाखविले. पुढे शोध घेता असे उघडकीस आले की, मुलांच्या नोंदी मूळ कागदपत्रांशी जुळत नव्हत्या, आणि लस बनविणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा उभारणाऱ्या वकिलाकडून ह्या डॉक्टरास पैसे मिळाले होते. २०१० साली तो लेख मागे घेण्यात आला व त्याच वर्षी वेकफिल्डचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

परंतु लेख खोटा ठरला म्हणजे शंका आपोआप खोटी ठरत नाही. ती स्वतंत्रपणे तपासली पाहिजे, आणि तशी ती तपासली गेली आहे. जपानने १९९३ साली ती एकत्रित लस देणे थांबविले; तरी योकोहामा शहरात स्वमग्न मुलांच्या नोंदी वाढतच गेल्या. लशीत अल्प प्रमाणात असणाऱ्या पाऱ्याच्या संयुगावर आक्षेप घेतला गेला. डेन्मार्कने १९९२ साली ते वापरणे सोडले, तरी तेथेही प्रमाण घटले नाही. त्याच देशात १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवराची ही एकत्रित लस घेतलेल्यांत स्वमग्नता अधिक आढळली नाही.

मग शंका पटते का?

आईने डोळ्यांनी पाहिलेले असते: सुई दिली आणि पुढे काही दिवसांत मुलाचे बोलणे बंद झाले. तिचे पाहणे खोटे नाही. तिने काढलेला कार्यकारणभाव चुकीचा आहे. शासकीय वेळापत्रकानुसार गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. मुलाने बोलू लागावे, बोट दाखवावे, असा काळही हाच असतो. त्यामुळे स्वमग्नता लक्षात येते तीही ह्याच वयात. काही मुले तर आलेले दोन-चार शब्दही ह्या सुमारास गमावतात. दोन गोष्टी एकाच हंगामात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही. मोह वेचण्याच्या दिवसांत पळस फुलतो, परंतु पळसामुळे मोह गळत नाही. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. जी मुले पुढे स्वमग्न ठरली, त्यांच्यातील वेगळेपण पहिल्या वाढदिवशीच दिसत होते.

लसीकरणात चूक होतच नाही काय?

होते, आणि ते लपवू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले. बालकांना रुग्णालयात ठेवावे लागले, ती बरी झाली, व संबंधितांवर कारवाई झाली. ही चूक माणसांची होती, लशीची नव्हती. पण दुसऱ्या गावातील बापाला ती ऐकून भीती वाटली तर त्यात नवल नाही. लस टोचल्यावर ताप येतो, जागा सुजते, मूल एक-दोन दिवस किरकिरते. गोवराच्या लशीनंतर आठवडा-दीड आठवड्याने ताप वा पुरळ येऊ शकते. क्वचित तापात झटका येतो. तीव्र ॲलर्जी तर अत्यंत विरळा, पण तिच्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबावयास सांगतात. हे सर्व आधी सांगितले, तर आलेल्या तापाने पालकांचा विश्वास ढळत नाही.

पाठच्या मुलाचा प्रश्न

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ज्या घरात थोरले मूल स्वमग्न आहे, त्या घरी पाठच्या मुलास लस द्यावी काय? नेमका हाच प्रश्न अमेरिकेत ९५,७२७ मुलांच्या नोंदींवरून तपासला गेला व २०१५ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. थोरले भावंड स्वमग्न असतानाही, लस घेतलेल्या धाकट्यांत स्वमग्नता अधिक आढळली नाही. मात्र अशा घरांतील धाकट्यांना लस कमी प्रमाणात दिली गेली होती, हे त्या अभ्यासात दिसून आले. भीती जगभर सारखीच असते.

येथे एक गोष्ट पालकांस प्रामाणिकपणे सांगावी. थोरले मूल स्वमग्न असल्यास धाकट्यातही स्वमग्नता असण्याचा संभव सामान्यांहून अधिक, सुमारे पाचांत एक इतका असतो. तो आनुवंशिकतेमुळे असतो. लस घेतल्याने तो वाढत नाही आणि न घेतल्याने घटत नाही. लस न घेतल्यास वाढतो तो गोवराचा धोका. गोवर म्हणजे अंगावर उठून जाणारे साधे पुरळ नव्हे. त्यापाठोपाठ न्यूमोनिया, अतिसार होतो. ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाची दृष्टी जाते. सुमारे हजारांत एकाच्या मेंदूस सूज येते. कुपोषित बालकास तर तो सहज प्राणघातक ठरतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ आली व मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुले पुष्कळ होती. हाकेच्या अंतरावर रुग्णालये असलेल्या शहरांत असे घडले. मग पावसाळ्यात नाले भरल्यावर ज्या गावांची वाट बंद होते, तेथे काय होईल?

रुबेलाविषयी तर एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. गर्भवतीस रुबेला झाल्यास बाळ बहिरे, अंध किंवा हृदयविकार घेऊन जन्मते. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. त्या साथीत गर्भावस्थेतच बाधा झालेल्या २४३ मुलांची स्टेला चेस यांनी तपासणी केली. त्यांत स्वमग्नतेचे प्रमाण सर्वसाधारण मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. त्यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या लशीवर स्वमग्नतेचा आरोप होतो, तीच स्वमग्नतेच्या एका ज्ञात कारणापासून बालकांचे रक्षण करते.

पालकांशी कसे बोलावे?

पुढील गोष्टी अनुभवास उतरणाऱ्या आहेत.

१. मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामात पालक दिवसा भेटत नाहीत. संध्याकाळी घरी जावे. चारचौघांत, पालकसभेत हा विषय काढू नये.

२. आधी ऐकावे. “तुमचे खोटे आहे” असे म्हणू नये. “आई, तुम्ही काय पाहिले ते सगळे सांगा” असे म्हणावे.

३. पालक माडियात मन मोकळे करीत असतील, तर अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना सोबत न्यावे. मुलाकडून दुभाषाचे काम करवून घेऊ नये.

४. गावातील पुजाऱ्याचा अधिक्षेप करू नये. त्याच्याकडे जाऊ नका असे सांगण्यापेक्षा, सुईही चुकवू नका असे सांगावे.

५. पाठच्या मुलाचे लसीकरण कार्ड पाहावे. मात्रा चुकली असल्यास ती पुढेही देता येते; परिचारिकेस त्याच आठवड्यात कळवावे.

शाळेत काय करावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक शाळेत येते, तेव्हा संशयित मुलाचे नाव पथकास स्वतः होऊन सांगावे व गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांनाही कळवावे. पुढील तपासणीसाठी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर गडचिरोलीस जाणे पालकांस जड जाते. तेव्हा तारीख, वाहन व सोबत यांची विचारपूस शिक्षकाने केली तर ती भेट प्रत्यक्षात घडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये स्वमग्नता हे दिव्यांगत्व मानलेले आहे. प्रमाणपत्रात ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व नमूद असल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

वर्गात अशा मुलाची जागा रोज तीच ठेवावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. सूचना लहान व एका वेळी एकच द्यावी. घंटेच्या आवाजाने ते कान झाकीत असेल, तर घंटा होण्यापूर्वी त्यास सांगावे.

त्या मुलाचेही लसीकरण चुकू देऊ नये. पाच-सहा वर्षांची व दहा वर्षांची मात्रा ही शालेय वयातच येते. रांगेत रडणाऱ्या मुलांच्या गलक्यात त्यास उभे करू नये. आदल्या दिवशी चित्र काढून समजावावे, पहिला क्रमांक द्यावा, शांत खोलीत आईच्या मांडीवर टोचून घ्यावे. चौघांनी दाबून धरल्यास ते मूल पुढे कित्येक महिने शाळेच्या दाराशीही येणार नाही.

सारांश, पालकांच्या एका शंकेत दोन प्रश्न गुंतलेले असतात. माझे मूल असे का झाले, हा एक. आणि आता मी काय करावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आहे, दोष तुमचा नाही व सुईचाही नाही. दुसऱ्याचे उत्तर आहे, थोरल्यास शाळेत पाठवा आणि धाकट्यास लसीकरणास न्या. ही दोन उत्तरे शांतपणे, वारंवार व त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो. आगामी केंद्र संमेलनात प्रत्येक शाळेने आपल्या गावातील अशा घरांचा विचार करून यावे, आणि मुलांची नावे उघड न करता त्यावर चर्चा करावी, ही विनंती.