इम्प्लांटमध्ये मुद्दाम छिद्रे का ठेवतात?

कसबा बावड्यातून शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जाणाऱ्यांना कास्टिंगमधला ब्लो होल समजावून सांगावा लागत नाही. धातूत पोकळी राहिली की जॉब रिजेक्ट! त्यामुळे आईच्या खुब्यात सच्छिद्र धातूची वाटी बसवायची म्हटले, की पहिला प्रश्न येतो, "डॉक्टर, ही टिकणार का?"

शंका रास्त आहे. पण ब्लो होल चुकून पडतो, तर ही छिद्रे ठरवून ठेवलेली आणि एकमेकांना जोडलेली असतात.

हाडाच्या कठीण भागाचा ताठपणा साधारण १० ते ३० गिगापास्कल असतो, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा सुमारे ११०. धातू इतका ताठ असला की शरीराचा भार तोच उचलतो आणि शेजारचे हाड रिकामे बसते. प्लास्टरमध्ये ठेवलेल्या पायाचे स्नायू जसे रोडावतात, तसे बिनकामाचे हाडही विरळ होते. पुढे इम्प्लांट सैल होऊ शकते. छिद्रांमुळे हा ताठपणा उतरतो. सच्छिद्र टँटलममध्ये ७५ ते ८० टक्के जागा मोकळी असते आणि त्याचा ताठपणा जेमतेम ३ गिगापास्कल भरतो.

दुसरा फायदा पकडीचा. काहीशे मायक्रॉनच्या या छिद्रांत रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग नवे हाड भरते. याला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर वाटी हलत राहिली तर हाडाऐवजी नुसता तंतुमय पदार्थ तयार होतो. म्हणून वॉकर कधी सोडायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तंबाखू आणि मिश्रीही बंद हवी, कारण निकोटीनमुळे हाड उशिरा भरते. (मिश्रीला व्यसन न मानणाऱ्या आज्या मला दर आठवड्याला भेटतात.) मधुमेहही आटोक्यात हवा.

मात्र हे प्रत्येकासाठी नाही. साध्या फ्रॅक्चरला नेहमीची प्लेट पुरते, आणि ती पुढे काढायची असेल तर आत हाड भरणे अडचणीचेच. पहिल्यांदा खुबा बदलताना बहुतेकदा फक्त पृष्ठभाग सच्छिद्र असलेली वाटी चालते. जुना सांधा सैल होऊन ओटीपोटाचे हाड झिजले असेल किंवा गाठीसाठी हाड काढावे लागले असेल, तिथे पूर्ण सच्छिद्र किंवा थ्रीडी प्रिंटेड भागाचा खरा उपयोग होतो. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो, कारण छिद्रांत जंतूंनाही आसरा मिळतो.

हे इम्प्लांट महाग असते. तेव्हा "नेहमीचे का चालणार नाही?" हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि जाताना जुने एक्स-रे सोबत न्या.