जिंकायची सवय लागली की...

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघाने कांस्यपदक मिळवले. २०२१ साली टोकियोतही कांस्यपदकच मिळवले. धातू तोच, व्यासपीठाची पायरीही तीच. पण १९६८ चे पदक पराभव म्हणून मोजले गेले, कारण ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यापर्यंत न पोहोचण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती. २०२१ साली मात्र पेढे वाटले गेले, खेळाडूंच्या गावी ढोल वाजले, टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. एकच पदक एकदा मान खाली घालायला लावते आणि एकदा आनंदाश्रू आणते, हे कसे?

आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. आदल्या रात्री सामना झाला असेल तर त्याचा निकाल हजेरी घेण्याआधीच वर्गाच्या आवाजावरून कळतो. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आमच्या लक्षात येऊ लागली आहे. भारत जिंकला तर मुले दोन मिनिटे बोलतात आणि विषय संपतो. हरला तर आठवडाभर धुसफूस चालते. कोणाला संघातून काढायला हवे, कोणी मुद्दाम झेल सोडला, याची चर्चा डबा खातानाही थांबत नाही. जिंकण्याचा आनंद लहान आणि हरण्याचा राग मोठा, असे का झाले असावे? आम्हाला वाटते, सतत जिंकण्याने खेळाडूंपेक्षा बघणारेच जास्त बदलतात.

पहिले सोने आणि सहावे सोने

याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा नमुना म्हणजे हॉकी. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला गेलेल्या भारतीय संघाने त्या स्पर्धेत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यातले १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे होते. देश गुलामगिरीत होता आणि या मुलांनी सोने आणले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. १९३६ मध्ये बर्लिनला जर्मनीला त्यांच्याच घरी ८-१ ने हरवले. मग आला १२ ऑगस्ट १९४८. स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते आणि लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० ने हरवले. कालपर्यंतच्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच राजधानीत! त्या सोन्याची चव काय असेल, याची आज कल्पनाच करायला हवी.

१९५२ ला हेलसिंकीत पुन्हा सोने, १९५६ ला मेलबर्नमध्ये पुन्हा सोने. सलग सहा. १९२८ साली जन्मलेले मूल १९५६ साली २८ वर्षांचे झाले होते आणि ऑलिम्पिकमध्ये भारत हॉकीत हरला, ही बातमी त्याच्या कानावर कधी पडलीच नव्हती. त्याच्या दृष्टीने हॉकीचे सोने म्हणजे मृगाचा पाऊस. दरवेळी यायचाच.

आणि ९ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये तो आला नाही. पाकिस्तानने एकच गोल केला आणि भारताच्या हाती रौप्यपदक राहिले. साऱ्या जगात दुसरा क्रमांक! अनेक देश या पदकासाठी पिढ्यान्पिढ्या वाट पाहतात. पण आपल्याकडे 'रौप्य मिळाले' असे न म्हणता 'सोने गेले' असे म्हटले गेले. पलीकडे पाकिस्तानची स्थिती उलट होती. १९४८ आणि १९५२ ला चौथा क्रमांक, १९५६ ला अंतिम सामन्यात भारताकडून हार, आणि मग हे पहिले सोने. एक एक पायरी चढून आलेल्याचा आनंद वेगळाच असतो.

१९६४ ला टोकियोत भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून सोने परत आणले. पण सवयीच्या झालेल्या विजयात आनंदाची जागा सुटकेचा निःश्वास घेतो. आपली वस्तू आपल्याला परत मिळाली, एवढीच भावना उरते. म्हणूनच पुढची दोन कांस्यपदके, १९६८ आणि १९७२ ची, कोणी कौतुकाने छातीशी धरली नाहीत. १९७५ च्या विश्वचषकाने पुन्हा उभारी दिली. क्वालालंपूरच्या उपांत्य सामन्यात मलेशिया पुढे असताना बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम शेर खान यांनी बरोबरीचा गोल केला, ही गोष्ट जुन्या पिढीतले लोक अजून रंगवून सांगतात. मग कृत्रिम मैदाने आली, १९७६ ला आपण सातवे झालो, १९८० ला मॉस्कोत शेवटचे सोने मिळाले आणि दुष्काळ सुरू झाला. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी भारत पात्रच ठरला नाही. २०१२ ला लंडनमध्ये शेवटचा, म्हणजे बारावा क्रमांक आला.

आता २०२१ चे कांस्यपदक पाहा. ४१ वर्षांचा उपास होता. जर्मनी ३-१ ने पुढे होता, तिथून भारताने सामना ५-४ असा फिरवला. शेवटचे काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला. रोजा सोडताना पहिल्या खजुराला जी चव असते, ती पोटभर जेवल्यावर खाल्लेल्या खजुराला नसते. खजूर तोच असतो, भूक वेगळी असते.

पण तीनच वर्षांनी, २०२४ ला पॅरिसमध्ये तेच पदक पुन्हा मिळाले तेव्हा आनंदाच्या सोबतीला लगेच हळहळ आली, 'उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध एक गोल कमी पडला, नाहीतर सोनेच होते.' एका पदकाने भूक भागली होती आणि माप पुन्हा वर सरकले होते.

अठरातले पाच आठवतात का?

क्रिकेटची गोष्ट याहून ताजी आहे. १९७५ आणि १९७९ या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही ईस्ट आफ्रिकेविरुद्ध. त्यामुळे २५ जून १९८३ ला कपिलदेवच्या संघाने अवघ्या १८३ धावा करूनही वेस्ट इंडीजला हरवले, तेव्हा लोकांना कानांवर विश्वास बसेना. काही मागितलेच नव्हते, म्हणून जे मिळाले ते सगळे जास्तीचे होते.

आता अलीकडचा काळ घ्या. २०१३ पासून भारताने मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. जगात कोणत्याही देशाला हे जमलेले नाही. वाचकहो, त्या अठरापैकी पाच मालिका आठवून पाहा, प्रतिस्पर्धी आणि साल यांसह. बहुतेकांना जमणार नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर न्यूझीलंडने ही साखळी तोडली, आणि मग वानखेडेवर तिसरा सामनाही जिंकून ३-० केले, हे मात्र साऱ्यांच्या पक्के लक्षात आहे. बारा वर्षांचे जिंकणे विसरले, तीन सामन्यांचे हरणे कोरले गेले.

२०२३ च्या विश्वचषकातही तेच झाले. सलग दहा सामने जिंकले, १९ नोव्हेंबरला अहमदाबादला अकरावा हरला. ऑस्ट्रेलियाला चषक दिला जात होता तेव्हा प्रेक्षागृहे रिकामी होऊ लागली होती. दहा विजयांसाठी टाळ्या वाजवायला कोणी थांबले नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले होते की माणूस लाभ-हानी शून्यापासून मोजत नाही, तो एका ठरावीक खुणेपासून मोजतो, आणि तेवढ्याच लाभाच्या सुखापेक्षा हानीचे दुःख त्याला जास्त लागते. सतत जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याची ही खूण थेट 'विजया'वर जाऊन बसते. त्याच्या वर जागाच उरत नाही. जिंकलो तर बरोबरी, हरलो तर घाटा. असा व्यवहार कोणत्या दुकानदाराला परवडेल?

'आपण' जिंकलो, 'ते' हरले

१९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढे. सामन्याविषयी विचारले तर जिंकलेल्या सामन्याबद्दल विद्यार्थी 'आपण जिंकलो' असे म्हणत आणि हरलेल्या सामन्याबद्दल 'ते हरले'. आपल्या गल्लीतही हेच ऐकू येते. घाम खेळाडूचा, विजय आपला, पराभव मात्र त्याचा.

विजय हक्काचा वाटू लागला की पराभवाला कारण पुरत नाही, गुन्हेगार लागतो. विश्वचषकांत पाकिस्तानविरुद्ध भारताने ओळीने बारा सामने जिंकले होते. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत तेरावा हरला, तोही दहा गडी राखून. म्हणजे त्या दिवशी भारताच्या एकाही गोलंदाजाला एकही बळी मिळाला नव्हता. तरी समाजमाध्यमांवर शिव्यांचा भडिमार झाला तो मोहम्मद शमीवर, आणि त्या शिव्यांत गोलंदाजीपेक्षा धर्मच जास्त होता. कर्णधार विराट कोहलीने काही दिवसांतच पत्रकारांसमोर त्याची ठाम पाठराखण केली, सचिन तेंडुलकरसारखे दिग्गजही पाठीशी उभे राहिले, हे या देशाचे चांगले रूप. दोन वर्षांनी याच शमीने वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध ५७ धावांत ७ बळी घेतले आणि विश्वचषकात सर्वाधिक, २४ बळी मिळवले, तेव्हा तो पुन्हा 'आपला' झाला. माणूस तोच. पण 'आपला' म्हणवून घ्यायला त्याला दरवेळी जिंकावेच लागावे, हे प्रेम नव्हे.

राग घराच्या उंबऱ्याआत येतो

हा विषय मैदानापुरता असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ सालचा एक अभ्यास प्रत्येक घराने विचार करावा असा आहे. अमेरिकी फुटबॉलचे सामने आणि पोलिसांकडील घरगुती हिंसाचाराच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. जिंकणारच असे सगळ्यांना वाटणारा स्थानिक संघ अचानक हरला की पुरुषांनी पत्नीवर किंवा मैत्रिणीवर हात उगारल्याच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढत. हरणारच असे वाटणारा संघ हरला तर अशी वाढ दिसत नसे. म्हणजे हात उगारायला लावणारा पराभव नव्हता, मोडलेली अपेक्षा होती. चूक मैदानावर कोणाची तरी, आणि मार स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला.

आपल्याकडे प्रत्येक घरात असे घडते असे आम्ही म्हणत नाही. पण रिमोट आपटणारे वडील, न जेवता झोपणारा थोरला, त्या रात्री दबकून वावरणारी आई, हे चित्र किती घरांना अगदीच अनोळखी आहे? मुले खेळ टीव्हीवर पाहतात, पण हरायचे कसे हे ती वडिलांकडे पाहून शिकतात.

घरातले सोने

हेच माप आपण मुलांनाही लावतो. मुलीला पहिल्यांदा ९० टक्के मिळाले की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. पुढच्या वर्षी ९१ मिळाले की 'छान' एवढेच. तिसऱ्या वर्षी ८९ आले की विचारणा होते, 'काय झाले? मोबाइल का?' नेहमी पहिली येणारी मुलगी आनंदाने नव्हे, धास्तीने पहिली येत असते, हे आम्ही निकालाच्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर वाचतो. १९६४ च्या हॉकी संघासारखी तीही सुटकेचा श्वास टाकते. नेहमी चविष्ट होणाऱ्या सालनाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मीठ जास्त झाले की मात्र सारा दस्तरखान बोलू लागतो. याला आपल्याकडे नाशुक्री म्हणतात.

मग चाहता कसा असावा? कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगकडे पाहा. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे या क्लबने कलकत्ता लीग जिंकली. कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. नंतर दिवस फिरले. १९८१ च्या विजेतेपदानंतर पुढचे विजेतेपद यायला २०२१ साल उजाडले. चाळीस वर्षे! तरीही काळा-पांढरा झेंडा घेऊन मैदानावर येणारे लोक होतेच. आजोबांनी नातवाला विजय दाखवला नव्हता, खेळ दाखवला होता.

जिंकण्याची इच्छा वाईट नाही. ती नसेल तर खेळच उरणार नाही. पण जिंकणे हा हक्क नाही, हे घरात बोलले गेले पाहिजे. त्यासाठी दोन साध्या गोष्टी करता येतील. सामना हरल्यावर त्या रात्री जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीच्या गप्पांसह व्हावे, आणि ही जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी. आणि सामना जिंकल्यावर निकालावरच न थांबता मुलांना एक प्रश्न विचारावा, 'आज कोणता क्षण सगळ्यांत आवडला?' श्रीजेशने अडवलेला तो शेवटचा कॉर्नर, एखादा धावत जाऊन घेतलेला झेल, किंवा प्रतिस्पर्ध्याचाही एखादा सुंदर फटका. ज्या मुलाला असा क्षण सांगता येईल, त्याला शंभरावा विजयही शिळा लागणार नाही, आणि पराभवाच्या दिवशीही त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असेल.