नेत्रगुहेचे प्राकृत दर्शन आणि आपले कर्तव्य

हरिहरेश्वरसारख्या किनाऱ्यावरील गावातून एम.आर.आय.साठी शहरात गेलेला रुग्ण परतल्यावर फिल्म प्रथम आपल्याच पुढ्यात ठेवतो. प्राकृत जाणल्याविना विकृत उमगत नाही. म्हणून नेत्रगुहेचा हा अल्प परिचय आम्ही करून देत आहोत.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नेत्राची 5 मंडले, 6 संधी व 6 पटले वर्णिली. एम.आर.आय. नेत्रगोलामागील गुहाही दाखविते. 7 अस्थींनी घडलेल्या या गुहेचे आकारमान प्रौढात सुमारे 30 मि.लि. असते. टी-1 चित्रात तेथील मेद शुभ्र दिसतो. त्यावर दृष्टिनाडी व नेत्रचालक मांसपेशी करड्या उठून दिसतात. टी-2 चित्रात नेत्रगोलातील द्रव शुभ्र दिसतो. घन अस्थी काळी दिसते, अस्थिभंगासाठी सी.टी. श्रेयस्कर.

दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. थायरॉइडजन्य नेत्रविकारात मांसपेशीचा मध्यभाग फुगतो, कंडरा बहुधा प्राकृत राहते.

होडीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्यास वा वेल्डिंग करणाऱ्यास, डोळ्यात कधी लोहकण गेला होता काय, हे तपासणीपूर्वी विचारावेच. चुंबकीय क्षेत्रात तो कण सरकल्यास दृष्टी जाऊ शकते. संशय असल्यास तसे तपासणी केंद्रास आधीच कळवावे. काजळ वा अंजन धुऊनच रुग्णास पाठवावे.

दृष्टी अकस्मात मंदावली, वा डोळा पुढे आला, तर औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे. यात आपल्या शास्त्राला उणेपणा नाही. रुग्णाची दृष्टी राखणे हाच वैद्यधर्म होय.